‘सगळे’ खोटं ठरलं म्हणजे ‘एकही नाही’ खरं ठरतं का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘आणि’, ‘किंवा’ वाल्या विधानांबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता, की ज्या वाक्यात ‘सगळे’, ‘काही’, ‘एकही नाही’ असं येतं ते वाक्य खोटं आहे असं म्हणायचं तर नेमकं काय म्हणायचं. विद्यार्थ्यांचे प्रश्न होतेच पण शेतकऱ्यांचे, पालकांचे पण होते, त्यामुळे हा पूर्ण भाग यालाच देतोय. काही पत्रं लांब होती ती छोटी करून घेतलीत.

सर, मी बारावी सायन्सला आहे, लातूरला होस्टेलवर राहते. क्लासच्या टेस्टमधे ‘वर्गातली सगळी मुलं पास झाली’ याचं निगेशन विचारलं होतं. मी ‘वर्गातलं एकही मूल पास झालं नाही’ असं लिहिलं तर शून्य मार्क. मैत्रिणीने ‘काही मुलं पास झाली’ लिहिलं, तिलापण शून्य. ‘सगळे’च्या उलटं ‘एकही नाही’ हेच असतं ना? मग चुकलं कुठं?

तू ‘उलटं’ हा शब्द वापरलास ना, घोळ तिथंच झालाय. निगेशन म्हणजे सगळ्यात लांबचं टोक नाही. निगेशन म्हणजे असं विधान की मूळ विधान खरं असलं की हे खोटं आणि मूळ खोटं असलं की हे खरं, दरवेळी, न चुकता, आणि दोघांच्या मधे एकही शक्यता मोकळी राहायला नको. तुझ्या उत्तरात मधे भरपूर जागा मोकळी राहिली.

आकड्यांत बघू म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. पैठणच्या जायकवाडी धरणाला 27 दरवाजे आहेत. पावसाळ्यात कुणीतरी येऊन सांगितलं की ‘सगळे दरवाजे उघडलेत’. आता प्रत्यक्षात उघडे दरवाजे किती असू शकतात, 0 पासून 27 पर्यंत कितीही, म्हणजे एकूण 28 शक्यता झाल्या. वहीत एक आडवी रेघ मार आणि त्यावर 0 ते 27 आकडे टाक. ‘सगळे उघडे’ हे फक्त 27 वर खरं आहे, बाकी 0 ते 26 सगळीकडं खोटं. मग त्याचं निगेशन असं पाहिजे की जे 0 ते 26 वर खरं आणि 27 वर खोटं. तुझ्या पद्धतीने लिहिलं तर ‘एकही दरवाजा उघडा नाही’, हे खरं कुठं आहे? फक्त 0 वर. मग 1 ते 26 चं काय? समज 26 दरवाजे उघडलेत आणि एक बंद आहे, तर ‘सगळे उघडे’ खोटं, आणि ‘एकही उघडा नाही’ हे पण खोटंच की. मूळ विधान आणि त्याचं निगेशन दोन्ही एकदम खोटं निघालं तर ते निगेशन नव्हतंच.

बरोबर उत्तर ‘किमान एक दरवाजा बंद आहे’. तपासून बघ, 0 वर खरं, 26 वर खरं, मधल्या प्रत्येक आकड्यावर खरं, फक्त 27 वर खोटं. बरोबर जे पाहिजे होतं तेवढंच. तसंच तुझ्या प्रश्नात ‘वर्गात किमान एक मूल असं आहे जे पास झालं नाही’.

मैत्रिणीचं बघू. ‘काही दरवाजे उघडे’ म्हणजे किमान एक उघडा, ते 1 पासून 27 पर्यंत खरं. पण 27 वर तर मूळ विधानही खरं आहे, दोन्ही एकदम खरं झालं, म्हणून तेही निगेशन नाही. आता याच रेघेवर ‘काही उघडे’ चं निगेशन शोध, ते फक्त 0 वर खरं असायला पाहिजे, म्हणजे ‘एकही उघडा नाही’. तू लिहिलेलं वाक्य एका विधानाचं निगेशन आहेच, फक्त ते ‘काही’ चं आहे, ‘सगळे’ चं नाही. जोड्या कायम अशाच लागतात, ‘सगळे आहेत’ ची जोडी ‘किमान एक नाही’ शी आणि ‘किमान एक आहे’ ची जोडी ‘एकही नाही’ शी. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हाच फरक लिहून ठेवलाय, की काही जोड्यांत एक खरं तर दुसरं खोटं असायलाच लागतं, आणि काही जोड्या नुसत्या एकदम खऱ्या होऊ शकत नाहीत पण एकदम खोट्या होऊ शकतात. तुझी जोडी दुसऱ्या प्रकारातली होती.

परीक्षेत वेळ कमी असतो हे मान्य आहे, तरी रेघेची ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, करत जा.

मी हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी आहे. ग्रामसभेत एक जण म्हणाला की आपल्या गावात सगळ्यांना पीक विमा आला. मला राग आला, मी उठून म्हणालो कुणालाच आला नाही. तर लगेच तीन-चार जण उभे राहिले, आम्हाला आलाय म्हणून, आणि सगळ्यांसमोर मी खोटा पडलो. पण मला आला नाही आणि माझ्यासारख्या बऱ्याच लोकांना आला नाही हे खरं आहे. मी काय बोलायला पाहिजे होतं?

दादा, तुमचं म्हणणं खरं होतं, पण तुम्ही जेवढं लागत होतं त्याच्यापेक्षा लई जास्त बोललात. समोरचा ‘सगळ्यांना’ म्हणाला होता, ते पाडायला एकच माणूस पुरतो, आणि तो माणूस तुम्ही स्वतः होता. ‘सगळ्यांना आला नाही, मला आला नाही, हे माझं पासबुक’ एवढं बोलून खाली बसला असता तर पुढं कुणी काही बोलू शकलं नसतं, शंभर जण उभे राहिले असते आम्हाला आला म्हणून तरी तुमचं वाक्य तसंच खरं राहिलं असतं. पण तुम्ही ‘कुणालाच नाही’ म्हणालात, आणि त्या क्षणी पारडं फिरलं, आता तुमचं वाक्य पाडायला समोरून एक माणूस पुरेसा झाला. ‘सगळ्यांना’ आणि ‘कुणालाच नाही’ ही दोन्ही वाक्यं सारखीच कच्ची असतात, एका उदाहरणात पडतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडं खऱ्या तक्रारी अशाच वाया जातात, माणूस खरा असतो, पुरावा हातात असतो आणि रागात एक शब्द जास्तीचा जातो.

लेखी अर्ज करणार असाल तर त्यात ‘गावात कुणालाही रक्कम मिळाली नाही’ असं लिहू नका. ‘खालील शेतकऱ्यांना रक्कम मिळालेली नाही’ असं लिहा आणि खाली नावं, गट नंबर, खात्याची माहिती जोडा. प्रत्येक नाव स्वतंत्रपणे ‘सगळ्यांना मिळाली’ या दाव्याला पाडतं. एखाद्या नावात चूक निघाली तरी बाकीची यादी उभीच राहते.

गणितातही एक उदाहरण किती भारी पडतं ते बघा, यात नुसता गुणाकार आणि बेरीज आहे. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वरून 41 मिळवा. 0 पासून 39 पर्यंत कुठलीही संख्या घ्या, दरवेळी उत्तर मूळ संख्या येते, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी. सलग चाळीस वेळा बरोबर. मग माणूस म्हणेल हे नेहमीच होतं. पण 40 घ्या, 1600 अधिक 40 अधिक 41 म्हणजे 1681, आणि ते आहे 41 गुणिले 41. चाळीस उदाहरणं बाजूने होती, एकाने दावा गेला. आणि इथंही ‘नेहमीच होतं’ ला उत्तर ‘कधीच होत नाही’ असं कुणी देत नाही, ‘40 ला होत नाही’ एवढंच देतात.

शाळेच्या पालक ग्रुपवर सरांनी मेसेज टाकला, ‘सहलीसाठी सगळ्या मुलांचे पैसे जमा झाले नाहीत’. अर्ध्या पालकांना वाटलं कुणीच भरले नाहीत, सहल बहुतेक रद्द. अर्ध्यांना वाटलं दोन-चार जणांचे राहिले असतील. कोण बरोबर? – एक पालक, नांदेड

दोन्ही बाजूंचं बरोबर आहे म्हणूनच हा मेसेज चुकीचा आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि ‘सगळ्या’ सुरुवातीला, मधे तो नकार नक्की कुणाला लागतो ते लिहिलेल्या वाक्यावरून कळत नाही. ‘सगळ्यांचे जमा झाले’ हे पूर्ण वाक्यच नाकारलं की काहींचे राहिले असा अर्थ होतो, आणि फक्त ‘जमा झाले’ नाकारून ते सगळ्यांना लावलं की एकाचेही आले नाहीत असा अर्थ होतो. बोलताना आपण ‘सगळ्या’ वर जोर देतो किंवा मधे ‘काही’ घालतो, ‘सगळ्यांचे काही जमा झाले नाहीत अजून’, तेव्हा ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की थोडे राहिलेत. मेसेजमधे आवाज नसतो.

त्यामुळे लिहिताना ‘सगळे... नाहीत’ ही रचना टाळलेली बरी. थोडे राहिले असतील तर ‘काही मुलांचे पैसे यायचे आहेत’, आणि कुणाचेच आले नसतील तर ‘अजून एकाही मुलाचे पैसे आले नाहीत’. बारावीच्या मुलांनापण हेच सांगणं आहे, पेपरात ‘सगळी मुलं पास झाली नाहीत’ असं लिहू नका, तपासणारा त्याचा कुठलाही अर्थ घेऊ शकतो, ‘किमान एक मूल पास झालं नाही’ लिहिलं की प्रश्नच मिटला.

संभाजीनगरला स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. ‘काही शिक्षक कवी आहेत’ यावरून ‘काही शिक्षक कवी नाहीत’ हा निष्कर्ष निघत नाही असं उत्तरात दिलंय. काही आहेत म्हणजे बाकीचे नाहीत ना?

नाही. परीक्षेतल्या ‘काही’ चा अर्थ ‘किमान एक’ एवढाच, वर कितीही, सगळेसुद्धा. वरच्या धरणाच्या रेघेवर ‘काही उघडे’ 27 ला पण खरं होतं ते आठवा. बोलताना आपण ‘काही’ म्हणालो की समोरचा ‘सगळे नाहीत’ असं धरून चालतो कारण सगळे असते तर आपण सगळे म्हणालो असतो, पण ते धरून चालणं झालं, विधानात ते लिहिलेलं नाही.

आता याच प्रश्नाचा पुढचा भाग बघा, बँकेच्या परीक्षेत हमखास येतो. विधान, काही शिक्षक कवी आहेत. निष्कर्ष पहिला, सगळे शिक्षक कवी आहेत. निष्कर्ष दुसरा, काही शिक्षक कवी नाहीत. सुट्टा सुट्टा बघितलं तर दोन्ही निघत नाहीत आणि मुलं ‘एकही निघत नाही’ वर टिक करून मोकळी होतात. पण दोन्ही निष्कर्ष एकमेकांचं निगेशन आहेत, म्हणजे त्यातला एक खरा असायलाच पाहिजे, म्हणून उत्तर ‘एकतर पहिला किंवा दुसरा’. ‘सगळे’ आणि ‘काही नाहीत’, तसंच ‘काही’ आणि ‘एकही नाही’, या दोन जोड्या दिसल्या आणि सुट्टं काहीच निघत नसलं की थांबून हा पर्याय बघायचा. ‘सगळे’ आणि ‘एकही नाही’ ही जोडी दिसली तर मात्र तो पर्याय लावायचा नाही, दोन्ही खोटं असू शकतं, कारण वर लातूरच्या प्रश्नात आलंच आहे.

‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘कुठंच नाही’ यांनापण हेच लागू होतं का? – धाराशिव

हो, फक्त माणसं किंवा दरवाजे मोजायच्या ऐवजी वेळा आणि जागा मोजायच्या. ‘लातूरला रेल्वेने पाणी कधीच आलं नाही’ असं कुणी म्हणालं तर ते पाडायला एक वेळ सांगितली की झालं, एप्रिल 2016 मधे मिरजेहून आलेली पाण्याची गाडी. ‘लातूरला नेहमी रेल्वेनेच पाणी येतं’ असं म्हणायची काही गरज नाही.

बी.एस्सी. ला आहे, जालना. एकाच वाक्यात ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ दोन्ही आले की माझा गोंधळ उडतो. आणि असमानतेच्या चिन्हाचं काय करायचं तेपण सांगा.

हे वाक्य घे, ‘तालुक्यातल्या प्रत्येक गावात एक तरी विहीर अशी आहे जिला मे महिन्यात पाणी असतं’. डावीकडून चालायचं. ‘प्रत्येक गाव’ चं ‘एक तरी गाव असं’ होतं, ‘एक तरी विहीर’ चं ‘प्रत्येक विहीर’ होतं, आणि नकार ढकलत ढकलत शेवटच्या क्रियापदापर्यंत न्यायचा. ‘तालुक्यात एक तरी गाव असं आहे जिथल्या एकाही विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं.’ झालं. मुलं इथं ‘प्रत्येक गावात एक तरी विहीर आटते’ असं लिहितात, पण ते आणि मूळ वाक्य दोन्ही आरामात एकदम खरं असू शकतं, गावात एक विहीर आटलेली एक भरलेली. अजून एक चूक म्हणजे ‘तालुक्याबाहेरच्या गावात’ असलं काहीतरी करणं. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते तेच राहतं, गाव म्हणजे त्याच तालुक्यातलं गाव आणि विहीर म्हणजे त्याच गावातली विहीर, बदलतं ते फक्त ‘प्रत्येक’, ‘एक तरी’ आणि शेवटचा होकार.

हे का चालतं ते मागच्या अंकातल्या नियमावरून कळतं. ‘सगळे दरवाजे उघडे’ म्हणजे पहिला उघडा आणि दुसरा उघडा आणि तिसरा उघडा असं 27 पर्यंत लांबलेलं ‘आणि’ आहे. डी मॉर्गनच्या नियमाने निगेशन घेतलं की प्रत्येक ‘आणि’ चं ‘किंवा’ होतं, पहिला बंद किंवा दुसरा बंद किंवा तिसरा बंद, आणि हे लांबलेलं ‘किंवा’ म्हणजेच ‘किमान एक बंद’. वेगळा नियम पाठ करायची गरजच नाही. हा ऑगस्टस डी मॉर्गन जन्मला आपल्याच देशात, मदुराईला, 1806 साली, नंतर लंडनला प्राध्यापक झाला. मुलांना हे वर्गात सांगितलं की नियम जरा जवळचा वाटतो.

चिन्हाचं बघ. ‘प्रत्येक नैसर्गिक संख्या क्ष साठी क्ष + 4 > 5’. निगेशन, ‘किमान एक नैसर्गिक संख्या क्ष अशी आहे की क्ष + 4 ≤ 5’. ‘पेक्षा मोठं’ चं निगेशन ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’, नुसतं ‘पेक्षा लहान’ नाही. इथं 1 घातलं की 1 + 4 = 5, बरोबर पाचच येतं, मोठं नाही, म्हणून मूळ विधान खोटं आणि निगेशन खरं. पण तू ≤ च्या जागी नुसतं < लिहिलंस तर ‘क्ष + 4 < 5’ होणारी नैसर्गिक संख्या मिळणारच नाही, कारण 1 पेक्षा लहान नैसर्गिक संख्याच नाही. मूळ पण खोटं, तुझं निगेशन पण खोटं. एका चिन्हात पूर्ण उत्तर जातं.

आमच्या गोठ्यात आता एकही म्हैस नाही, विकल्या. मुलगा कॉलेजला आहे, तो म्हणतो ‘आपल्या गोठ्यातली प्रत्येक म्हैस दहा लिटर दूध देते’ हे तर्काने खरं आहे. असं कसं खरं असेल? – गृहिणी, बीड

ताई, आजच्या तर्कशास्त्राच्या हिशोबाने मुलाचं बरोबर आहे, आणि ते निगेशनवरूनच दिसतं. त्याचं वाक्य खोटं ठरवायचं तर तुम्हाला म्हणावं लागेल ‘गोठ्यात किमान एक म्हैस अशी आहे जी दहा लिटर देत नाही’. ती म्हैस दाखवा म्हटलं तर दाखवणार कुठून, गोठाच रिकामा. निगेशन खोटं म्हणून मूळ वाक्य खरं. आणि रिकाम्या गोठ्यात ‘एकही म्हैस दहा लिटर देत नाही’ हे पण खरं निघतं, म्हणजे ‘सगळ्या’ आणि ‘एकही नाही’ दोन्ही एकदम खरं. हिंगोलीच्या दादांच्या गावात ही दोन वाक्यं एकदम खोटी होती, तुमच्या गोठ्यात एकदम खरी झाली, त्यामुळे ही एकमेकांची निगेशन नाहीत हे आता दोन्ही बाजूंनी कळलं.

तुम्हाला खटकतंय त्यालाही आधार आहे. जुन्या परंपरेत ‘सगळ्या म्हशी’ म्हटलं की म्हशी आहेत असं गृहीतच धरायचे, ‘सगळ्या’ वरून ‘काही’ आपोआप निघायचं, आणि स्पर्धा परीक्षांचे निष्कर्षाचे प्रश्न अजून त्याच पद्धतीने सोडवतात. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी तर्काला बीजगणिताचं रूप दिलं, मग हे गृहीत धरणं मागं पडलं. तरी व्यवहारात मुलाने हे वाक्य दूध घेणाऱ्या गवळ्याला सांगितलं तर ती फसवणूकच होईल, कारण ऐकणारा म्हशी आहेत असं समजूनच ऐकतो. त्याला म्हणावं पूर्ण बोल, ‘गोठ्यात म्हशी आहेत आणि त्यातली प्रत्येक दहा लिटर देते’. याचं निगेशन होतं ‘गोठ्यात एकही म्हैस नाही किंवा किमान एक दहा लिटर देत नाही’, आणि त्यातला पहिला भाग तुमच्या घरी आज खरा आहे.